‘देवाचा यात काय हेतू?’ : नवापूरकडच्या एका आईला उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा : “थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी सिकलसेल या रक्ताच्या आजाराने गेला. धाकटी आता चौदा वर्षांची, तिलाही तोच आजार. थंडी पडली की हातपाय दुखून रात्र-रात्र रडते. चर्चच्या मंडळीतले काही भाऊ म्हणतात, यात देवाचा हेतू आहे, तो ओळखा. काही म्हणतात, घराण्यात जुनं पाप असेल, उपास-प्रार्थना करा. मुलगा गेल्यापासून मुलीच्या वडिलांनी चर्चला येणं सोडलं. मला तर काही हेतू सापडत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?”

ताई, सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही, कमी पडत नाही. मी पाळक आहे. धुळे-नंदुरबारकडच्या दवाखान्यांत आजाऱ्याच्या खाटेजवळ बसणं, घरच्यांशी बोलणं आणि वेळ आली तर त्यांच्याबरोबर कबरस्तानात जाणं, यात माझी बरीच वर्षं गेली. त्या भरवशावर लिहितो.

हेतू ओळखून दाखवणं ही विश्वासाची परीक्षा आहे, असं पवित्र शास्त्रात मला कुठे दिसलं नाही. ईयोबाचं पुस्तकच घ्या, एका नीतिमान माणसावर कोसळलेल्या दुःखाचं. पहिल्या दोन अध्यायांत वर स्वर्गात काय बोलणं झालं ते आपल्याला वाचायला मिळतं, ईयोबाला ते कधीच कळलं नाही. पुढे 38 ते 41 या अध्यायांत देव त्याच्याशी वादळातून बोलतो. समुद्राबद्दल बोलतो, ताऱ्यांबद्दल, शहामृगाबद्दल, रानगाढवाबद्दलही बोलतो. पण सात मुलगे आणि तीन मुली एका दिवसात का गेल्या, त्यावर चकार शब्द काढत नाही. हेतू ज्यांना पक्का ठाऊक होता ते त्याचे मित्र : अलीफज, बिल्दद आणि सोफर. आल्या आल्या ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढे सात दिवस ते फार चांगले पाळक होते, असं मी आमच्या तरुण सेवकांना सांगतो. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि अध्यायामागून अध्याय कारणमीमांसा केली. बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा राग कोणावर निघतो ते वाचा. जाब विचारणाऱ्या, जन्मदिवसाला शिव्या घालणाऱ्या ईयोबावर नाही, त्या तिघांवर निघतो. मंडळीतल्या भावांना हा अध्याय जरूर दाखवा.

आता जुन्या पापाचं. हे मला जास्त घातक वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिकलसेल रक्तातून, म्हणजे आईबापांच्या गुणसूत्रांतून येतो. तुम्ही आणि मुलीचे वडील दोघेही वाहक असणार, म्हणजे या आजाराच्या जनुकाची एकच प्रत अंगात असलेले, तुमच्याकडे ‘एएस पॅटर्न’ म्हणतात तसे. दोघं वाहक असले की प्रत्येक खेपेला मूल ‘एसएस’ म्हणजे आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते, वाहक निघण्याची चारात दोन, आणि पूर्ण निरोगी निघण्याची चारात एक. प्रत्येक खेपेला हिशेब नव्याने सुरू होतो. पहिलं मूल आजारी होतं म्हणून दुसरं वाचेलच असं नसतं. यात कोणाचं पाप कुठे बसवायचं?

आणखी एक गोष्ट सांगतो, ती चर्चमध्ये सहसा कोणी सांगत नाही. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल, पावरा, कोकणी, मावची या समाजांत हा आजार जास्त का दिसतो? जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने पोरं दगावत, तिथे या जनुकाची एकच प्रत असलेली मुलं जिवघेण्या हिवतापातून जास्त वाचली. ती मोठी झाली, त्यांचा संसार झाला, आणि ते जनुक पुढे आलं. म्हणजे ज्याला भाऊ घराण्याचा शाप म्हणतात, त्यानेच बहुधा तुमच्या एखाद्या पणजीला लहानपणी जगवलं असेल. पण म्हणून ‘देवाने हा आजार चांगल्यासाठीच दिला’ असंही मी म्हणणार नाही. पाच वर्षांचं पोर मध्यरात्री गुडघे पोटाशी घेऊन किंचाळतं ते मी पाहिलंय. तिथे उभं राहून असं वाक्य तोंडातून निघत नाही, आणि जे तिथे म्हणवत नाही ते व्यासपीठावरूनही म्हणू नये.

हाच प्रश्न येशूला थेट विचारला गेला होता. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात : पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो आंधळा तिथेच बसलेला आहे, त्याला सगळं ऐकू येतंय, आणि त्याच्या देखत चर्चा चालली आहे. आपल्या प्रार्थनासभांतही अशा चर्चा मी ऐकल्या आहेत. येशूने दोन्ही पर्याय खोडले. याचंही नाही, आईबापांचंही नाही. त्यापुढचं वाक्य, देवाची कामं याच्या ठायी प्रकट व्हावीत हे, लोक पकडून ठेवतात आणि म्हणतात, बघा, हेतू होता. माझं वाचन वेगळं आहे. शिष्य मागे वळून कारण शोधत होते. येशूने दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे असं म्हटलं आणि लगेच वाकून थुंकीने चिखल कालवला. त्याने त्या माणसाला ज्या शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवलं, त्याच शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेल्याची गोष्ट लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. तिथेही तो विचारतो, ते अठरा जण बाकी यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? दोन्ही ठिकाणी त्याचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तेव्हा यापुढे कोणी तुमच्या घरात पाप शोधायला आलं तर चहा द्या आणि हे दोन अध्याय वाचायला द्या.

मग दुःखातून काही चांगलं निघतच नाही का? निघतं, मी पाहिलंय. पण ते कोण सांगतं आणि कधी सांगतं, यावर सगळं अवलंबून असतं.

देव सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक करतो, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन आपल्याकडे मातीच्या वेळीच म्हणतात, कबर बुजायच्या आत. त्याच अध्यायात पाचसहा ओळी वर पौल म्हणतो की सगळी सृष्टी वेदनांनी कण्हते आहे, आपणही कण्हतो आहोत, आणि काय मागावं ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्याबरोबर कण्हतो. या ओळी कोणी म्हणत नाही. आधी कण्हणं आहे, कल्याण नंतर आहे. पत्रातला क्रम असा आहे, आणि माणसाच्या जिवाचाही साधारण तसाच असतो.

भावांनीच गुलाम म्हणून विकलेल्या योसेफाचं उदाहरणही असंच घाईने दिलं जातं. तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं केलं, हे योसेफ भावांना म्हणाला. भाऊ योसेफाला म्हणाले नाहीत. विहिरीत टाकताना एखादा भाऊ काठावरून ओरडून म्हणाला असता, “घाबरू नको रे, देवाचा हेतू आहे यात,” तर काय वाटलं असतं? विकला गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. हे वाक्य तो बाप याकोब वारल्यानंतर बोलला, म्हणजे सुमारे चाळीस वर्षांनी. मधल्या काळात तो किती वेळा रडला, ते उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायांत मोजून पाहा. पौलानेही आपल्या देहातल्या काट्याचा अर्थ स्वतःच सांगितला, आणि तोही तीन वेळा ‘काढून टाक’ अशी विनवणी करून झाल्यावर. तो काटा शेवटपर्यंत निघाला नाही. त्याला मिळालं ते कृपेचं आश्वासन.

इतकी वर्षं आजाऱ्यांजवळ बसून माझं एक मत पक्कं झालंय : आपल्या दुःखाचा अर्थ सांगायचा हक्क फक्त ज्याचं दुःख त्याला. त्याला तो सांगावासा वाटला नाही, तर देवाकडून त्याची सक्ती नाही. पाळकाने तर मुळीच करू नये. आमच्याकडे साक्ष द्यायला उभं करायची हौस फार. बरा झालेला उभा राहतो, टाळ्या होतात. बरा न झालेला मागच्या सतरंजीवर मान खाली घालून बसतो, आणि पुढच्या रविवारी येत नाही.

तळोद्याकडची एक बाई मला आठवते. तिचा मुलगा याच आजाराने गेला होता. तो गेल्यानंतर वर्षभर ती कोणाशी धड बोलली नाही, उपासनेला आलीच तर शेवटच्या गाण्याआधी उठून जायची. पुढे शेजारच्या पाड्यावरचं एक पोर तापाने फणफणलं. त्याच्या आईला वाटलं, साधा ताप असेल. ही गेली, पोराचे पिवळट डोळे पाहिले, पोटाला हात लावून पाहिला, आणि त्याच रात्री जीप मिळवून दोघांना दवाखान्यात घेऊन गेली. आता तिच्याकडे प्लॅस्टिकची एक पिशवी असते. त्यात पाच-सहा घरांच्या मुलांचे रिपोर्ट, कोणाच्या गोळ्या कधी संपतात त्याची वही, आशाताईंचा नंबर. लग्न ठरायच्या आधी मुलामुलींची रक्ततपासणी करा म्हणून ती घरोघरी भांडते, आणि भांडते म्हणजे खरोखर भांडते. एकदा एका पाहुण्या प्रचारकाने तिला सगळ्यांसमोर विचारलं, “मुलगा गेला त्यात देवाचा हाच हेतू होता, असं वाटतं ना ताई?” ती म्हणाली, “पोरगा परत मिळत असेल तर ही पिशवी आत्ता घेऊन जा.”

मला तिच्या या उत्तरात विश्वासाची उणीव दिसत नाही. आपल्याला मिळालेल्या सांत्वनाने आपण दुसऱ्यांचं सांत्वन करावं, असं पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो. ती तेच करते आहे. फक्त त्या कामाला ती मुलाच्या मरणाची किंमत म्हणून मोजत नाही.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला या बाबतीत फार शिकवतं. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या काळात गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. बाप्तिस्मा 1883 मधला, आणि मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उपाशी मुलींना त्या केडगावला घेऊन आल्या ते 1896-97 मध्ये. आईबाप भुकेने गेल्याला तोवर वीस वर्षं उलटून गेली होती. भूक काय असते हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ते ज्ञान त्या कामात उतरलं. आणि एवढं करून दुःख संपलं का? 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः. दुःखातून एक मोठं काम उभं राहिलं म्हणजे देवाशी हिशेब मिटला, पुढे काही होणार नाही, असं कुठे लिहिलेलं नाही.

प्रार्थना कशी करावी, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायचं राहून गेलं असावं. तक्रार करा. 150 स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा तक्रारीचा आणि विलापाचा आहे. 88 वं स्तोत्र उघडा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ नाही. ते कोणी खोडून टाकलं नाही, पवित्र शास्त्रात ठेवलं. मातीच्या घरी बाया ‘देवा, काबर रे?’ म्हणून हंबरडा फोडतात तेव्हा कोणीतरी मोठा माणूस त्यांना गप्प करतो, विश्वासणाऱ्यांनी असं रडू नये म्हणून. वधस्तंभावर प्रभूने बावीसाव्या स्तोत्रातलं ‘का’ मोठ्याने म्हटलं. लाजराच्या कबरेपाशी, त्याला उठवणार हे माहीत असूनही, तो रडला. आपल्या मातीतही देवाशी भांडणं परकं नाही. तुकोबा विठोबाशी किती कडाकडा भांडले! आणि ना. वा. टिळक तर म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरूनच ख्रिस्तापाशी आलो. रात्री मुलीचे पाय चोळता चोळता शब्द सुचत नसतील तर स्तोत्र मोठ्याने वाचा, मुलीला ऐकू जाऊ द्या. आईसुद्धा देवाला विचारते हे कळलं की तिला स्वतःचा राग लपवावा लागणार नाही.

औषधाबद्दल एक गोष्ट खडसावून सांगतो. कुठल्याही बरं करण्याच्या सभेनंतर मुलीच्या गोळ्या बंद करू नका. हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांनी दिलं असेल तर ते दुखण्याचे झटके कमी करतं, पण ते नेमाने घ्यावं लागतं आणि मधून मधून रक्त तपासावं लागतं. फॉलिक ॲसिडही चालू ठेवा. थंडीत स्वेटर-मोजे, भरपूर पाणी, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर पाण्याची जास्तच काळजी, कारण अंगातलं पाणी कमी झालं की झटका येतो. ताप आला तर घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखलं, धाप लागली, तरीही तेच. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात तेल लावून प्रार्थना करायला सांगितली आहे, ती करा, मीही करतो. पण पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने प्रार्थनासभा सुचवली नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा मुलीचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. शाळेत आणि परीक्षेत उपयोगी पडेल.

ओघात आणखी एक. ‘तुझा क्रूस तू उचल’ असं सांगून दारुड्या नवऱ्याच्या मारापुढे लेकीला परत पाठवणारे लोक आपल्याच मंडळीत आहेत. जे दुःख थांबवता येतं ते आधी थांबवायचं. प्रभूने वधस्तंभ स्वतः उचलला, दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून दिला नाही.

मुलगी विचारेल, “मलाच का?” विचारून झालंही असेल. तिला कारण विचारायचं असेल तर रक्ताचं सांगा, चारात एकचा हिशेब वहीवर काढून दाखवा, चौदा वर्षांच्या मुलीला तो कळतो. ‘दादासारखं माझंही होईल का’ असं विचारायचं असेल तर ती आधी तुमचा चेहरा बघेल, म्हणून उगाच ‘छे, काही नाही’ म्हणू नका. दादाच्या वेळी जे माहीत नव्हतं ते आज माहीत आहे, गोळ्या आहेत, तपासणी आहे, आणि कोणत्याही रात्री तिला एकटं ठेवणार नाही, एवढं सांगा. एवढं सगळं खरं आहे.

आणि दादाबद्दल तिच्याशी बोलत चला. तो आता कुठे आहे याची आपली आशा पुनरुत्थानाची आहे, ती मी पातळ करून सांगत नाही. तो उठवला जाईल असं मी मानतो. पण त्या आशेतही झालेलं पुसून टाकायचं नसतं. शिष्य थोमासमोर उभा राहिलेला प्रभू जिवंत होता आणि त्याच्या हातांवरचे व्रण तसेच होते. तुमच्या घरात थोरल्याचं नाव घ्यायचं टाळत असाल तर तेवढं बदला.

उरले मुलीचे वडील. त्यांना चर्चला ओढू नका, आणि भावांना त्यांच्या मागे लावू नका. बापाचं दुःख आपल्याकडे कोणी विचारतच नाही. मातीच्या दिवशी त्याने खड्डा पाहायचा, मांडव पाहायचा, आलेल्यांच्या चहापाण्याचं पाहायचं. रडायची पाळी त्याच्यावर येते तोवर माणसं पांगलेली असतात. ते देवावर रागावले असतील तर मला त्यांची काळजी कमी वाटते, कारण रागावायला समोर कोणीतरी आहे असं मानावं लागतं. तुमच्या पाळकांना माझ्याकडून एक निरोप द्या : कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मंडळीतल्या दोन पुरुषांना घेऊन त्यांच्या शेतात जा, बायबल घरी ठेवा, आणि दुपारपर्यंत कापूस वेचा. त्यांनी मुलाचं काही काढलं तर ऐका. नाही काढलं, तर दुसऱ्या वेचणीला परत जा.